घरतबाई आणि हरणीची शेवटची कुपी

आमच्या प्रयोगशाळेतल्या घरतबाई इनक्युबेटरचं दार उघडण्याआधी त्यावर टकटक करतात. आत माणूस नसतो. बशांमध्ये वाढवलेल्या गाईच्या मूळपेशी असतात, म्हणजे ज्यांच्यापासून पुढे हाड, चरबी, स्नायू घडू शकतात त्या. "झोपेतून दचकवून उठवलेलं तुम्हाला चालेल का?" असं बाईंनी मला एकदा विचारलं होतं. मी खालापूरच्या या प्रयोगशाळेचा भांडारपाल. मला इथे कुणी झोपूच देत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

इनक्युबेटर म्हणजे ऊब देणारं कपाट. आमच्याकडे दोन आहेत. एकात निरोगी गाईच्या अंगाची ऊब, दुसऱ्यात वैशाखाच्या उन्हात धापा टाकणाऱ्या गाईची. बाईंनी पहिल्याला माहेर म्हणायचं ठरवलं आणि दुसऱ्याला सासर. "आज चार बशा सासरी धाडल्या," असं त्या बैठकीत सांगतात आणि मुंबईहून आलेले साहेब चष्मा पुसत बसतात.

उन्हानं गाईचं दूध आटतं, हे कुणालाही दिसतं. आत पेशींचं काय होतं ते या बशांत कळतं. त्यांची वाढ मंदावते, त्या पसरट होतात, अकाली म्हाताऱ्या होतात, काही मरतात. बशी आत ठेवताना बाई पुटपुटतात, "सोसंल तेवढंच सोस गं." मग त्या कपाटासमोर स्टूल टाकून दुपारभर बसतात. उन्हाळ्यात स्वतःच्या खोलीतला एसीही लावत नाहीत. त्यांची सही घ्यायला जायचं म्हणजे माझा शर्ट पिळून काढावा लागतो.

या पेशी पळसदरीच्या ठकूमावशींच्या हरणी गाईच्या. जागा बधिर करून शेपटीच्या मुळाशी चिमूटभर चरबी काढली होती. मावशींनी एकच अट घातली, खुशाली कळवायची. तेव्हापासून बाई त्यांना फोन करायच्या, "आज जरा मलूल हायत, पण तग धरतील." मी ते ऐकून पोट धरून हसायचो.

या उन्हाळ्यात हरणी धरणाच्या वाटेवर चरताना कोसळली ती उठलीच नाही. मावशी त्या दिवशी कर्जतच्या बाजारात होत्या. शेवटचं तोंडही पाहायला मिळालं नाही. आमच्याकडे तिच्या पेशींची एकच गोठवलेली कुपी उरली होती आणि प्रयोगाची शेवटची फेरी बाकी होती. पेशी इतक्या वेळा वाढवून झाल्या होत्या की आता पुन्हा साठवणं शक्य नव्हतं. फेरी केली नाही तर सगळं काम अर्धवट राहणार. केली तर हरणीचं या जगात काहीच उरणार नाही. साहेब फोनवर म्हणाले, "उरकून टाका."

बाईंनी मावशींना बोलावलं. मावशी हिरव्या गवताची पेंढी घेऊन फाटकाशी आल्या. मी म्हणालो, "मावशी, ती इथं खात नाही."

"म्हायत हाय रं. पण आजाऱ्याकडं रिकाम्या हातानं कसं यायचं?"

पेंढी मी भांडारात ठेवली, नोंद न करता.

कुपीतल्या पेशी बाईंनी आधीच माहेरी एका बशीत वाढवल्या होत्या. मावशी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून ती बशी पाहत राहिल्या. "ह्या तिच्याच? जित्त्या हायत?"

"तिच्याच. जित्त्या हायत," बाई म्हणाल्या. "आता त्यांना ऊन लावायचंय. संपतील त्या. पण ऊन लागलं की गाईचं आत काय बिघडतं, ते कळंल. तू नको म्हणालीस तर नाय लावनार. जगतील तवर माहेरीच ऱ्हातील."

मावशी म्हणाल्या, "ती गेली तवा मी नव्हते गं. हितं कुनी जवळ असतं का?"

"मी असते."

"एकटीच?"

बाईंनी मान डोलावली. त्या स्टुलाला मी इतके दिवस हसत होतो.

"टाक," मावशी म्हणाल्या. "मी बी बसते."

बाईंनी बशी उचलली आणि तशाच उभ्या राहिल्या. "मावशी, मला नाय जमत गं," त्या म्हणाल्या. मावशींनी त्यांच्या मनगटाला हात लावला. दोघींनी मिळून बशी आत ठेवली, दार लावलं आणि फरशीवर शेजारी शेजारी बसल्या.

संध्याकाळी निघताना मावशी बाईंना म्हणाल्या, "दुसऱ्या कुनाच्या गाईचं असलं तरी बोलव. एकटीनं नको बसत जाऊस."