पूर्वी जिथे तबेला होता तिथून डावीकडे

आमच्या भागात चांगलं जेवण कुठे मिळतं, हे मला विचारा! दुसऱ्या कुणाला विचारू नका. मोबाइलला तर अजिबात नको, त्याला जीभ नाही. इथल्या पहिल्या इमारतीचं प्लास्टर ओलं होतं तेव्हापासून मी इथे राहतोय. त्या काळी इकडचं नाव काढलं की रिक्षावाले हात जोडायचे. बसचा शेवटचा थांबा आला की कंडक्टर आमच्याकडे अशा नजरेने बघायचा, जणू आम्ही घरी नाही, वनवासाला चाललोय.

आता भाग वाढलाय. सुजलाय म्हणा! जी टेकडी पोखरली, तिच्यावरच्या इमारतींना टेकडीचंच नाव. ज्याचा गळा दाबला त्याच्याच नावाने शाळा काढावी, तशातली गत. आणि हॉटेलं? दर पंधरवड्याला एक उघडतं आणि एक बुडतं. आत इतका अंधार, की घास तोंडात गेला की नाकात, हे चावल्यावरच कळावं. जेवण वाढतात कशावर, तर शाळेतल्या पाटीवर! आणि वाढणारा शेजारी उभा राहून टोमॅटोचं चरित्र सांगतो. मला टोमॅटो खायचाय, त्याच्याशी सोयरीक नाही जुळवायची!

पण म्हणून इथे चांगलं काहीच मिळत नाही, असं कुणी म्हटलं की माझं डोकं सटकतं. आणि असं म्हणणारा माणूस त्या रविवारी माझ्या सोफ्यावर पाय पसरून बसला होता. बायकोचा थोरला भाऊ, वहिनींना घेऊन आलेला. बँकेत साहेब होता, निवृत्त झाला, पण साहेबपणा सोबत घेऊन आला.

"दाजी, किती दिवस या रानात राहणार?" तो म्हणाला. "आमच्या इमारतीत फ्लॅट रिकामा होतोय. उद्या सकाळी होकार कळवायचाय. शहरात या. खाली उतरलं की हॉटेल!"

"हॉटेलं इथेही आहेत!"

"जेवण मिळणारी म्हणतोय मी."

मी बायकोकडे बघितलं. ती माझी बाजू घेईल असं वाटलं होतं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. समोर अजून एक इमारत चढत होती.

"मला तर हल्ली भाजी आणायला गेले तरी परक्या गावात आल्यासारखं वाटतं," ती म्हणाली. "आपलं असं इथे उरलंय काय?"

हे मात्र मला लागलं. साहेबाचं बोलणं मी पंचवीस वर्षं एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडत आलोय. पण हिचं?

"काय उरलंय ते आज दाखवतो!" मी उठलोच. "दादा, वहिनी, चला! असं जेवायला घालतो, की तुम्हीच म्हणाल, हे सोडून कुठे जाता!"

"आणि तसं नाही झालं तर?" साहेबाने विचारलं.

"तर मी उद्या होकार कळवते," बायको म्हणाली. इतक्या शांतपणे, की मी घाईघाईने चपला शोधायला लागलो.

गाडी साहेबाची, साहेबच चालवणार. मी शेजारी बसून रस्ता सांगणार. इथेच घोळ झाला. आम्ही जुनी माणसं रस्ता सांगतो तो रस्त्यावर काय आहे ते बघून नाही, काय होतं ते आठवून.

"शिंप्याच्या दुकानावरून उजवीकडे घ्या."

"कुठाय शिंपी?"

"वारला. ते बघा, मोबाइलचं दुकान दिसतंय ना, तिथे होता. आता सरळ, आणि तबेल्यापासून डावीकडे."

"तबेला?" साहेबाने मान लांब केली. समोर काचेचा चकचकीत बँक्वेट हॉल होता.

"हाच तबेला."

"दाजी, दिसतंय ते सांगा हो!"

"दिसतंय त्याच्यात काय सांगण्यासारखं आहे?"

मागच्या सीटवरून बायको हळूच हसल्याचा आवाज आला. "इथे म्हशी रस्त्यात बसायच्या," ती वहिनींना सांगत होती. "बस थांबायची. कंडक्टर उतरून म्हशीची समजूत काढायचा. एकदा तर ती उठेचना, मग सगळी बस चालत घरी गेली."

पहिलं हॉटेल माझ्या खात्रीचं. दोन महिन्यांपूर्वीच मी तिथे जेवलो होतो. दार ढकलून ऐटीत आत शिरलो. आत थंडगार हवा, मऊ खुर्च्या, काउंटरला एक हसरी मुलगी.

"चौघं आहोत," मी म्हणालो. "कोपऱ्यातली जागा द्या. आणि आधी काहीतरी कुरकुरीत येऊ द्या."

मुलीचं हसू गळालं. "कुरकुरीत कशाला, काका? दुखतंय ना?"

मी भिंतीकडे बघितलं. भिंतीवर माणसाएवढी दाढ! दातांचा दवाखाना झाला होता. साहेब माझ्या मागेच उभा होता. त्याने गाडीची किल्ली बोटावर गरगर फिरवली. 

दुसऱ्या हॉटेलबाहेर ही गर्दी! दारातल्या पोराने आमच्या हातात एक प्लॅस्टिकची चकती दिली. "नंबर आला की थरथरेल, सर."

"आमच्यात आधी कोण थरथरतं ते बघू," वहिनी म्हणाल्या. त्यांना साखरेचा त्रास, जेवण वेळेवर लागतं. चकती ढिम्म. साहेब मात्र थरथरायला लागला होता, रागाने.

"शहरात आत्तापर्यंत आपण बडीशेप खात बसलो असतो," तो म्हणाला.

चकती परत दिली आणि मी शेवटचा पत्ता काढला. जुन्या पाणपोईपलीकडे पत्र्याची एक खानावळ होती. आम्ही राहायला आलो तेव्हा मैलभरात शिजलेलं अन्न मिळायचं ते तिथेच. मालकीण मावशी स्वतः वाढायची आणि "अजून घे, वाऱ्याने उडून जाशील" म्हणून बायकोच्या ताटात दुसऱ्यांदा भात घालायची. मावशी गेली, पत्रे गेले. पण परवाच त्या जागी नवं हॉटेल उघडल्याचं मी बघितलं होतं. जागेत काहीतरी गुण असतोच की!

आत सात-आठ टेबलांवर माणसं बसली होती. टेबलांवर पाण्याशिवाय काही नव्हतं. सगळे स्टेशनवर गाडीची वाट बघावी तसे बसले होते. मी आपल्या मंडळींना खिडकीपाशी चौथ्या टेबलावर बसवलं. वेटर पाणी ठेवून पळाला. दहा मिनिटं झाली तरी परत फिरकला नाही. साहेबाने घड्याळ बघितलं. मग बायकोने. तिने बघितलं आणि मी उठलो.

गल्ल्यावर एक तरुण गोल गरगरीत मालक घामाने निथळत फोन कानाला लावून उभा होता.

मी गल्ल्यावर वाकून हळूच म्हणालो, "हे बघा, बाहेर माणसं उपाशी बसलीत. आज माझी इज्जत पणाला लागलीय. मला जरा आत जाऊन बघू द्या, काय काय आहे ते."

मालकाच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, जसा गेलेली वीज परत आल्यावर घरात पडतो!

"आलात! अहो किती वाट बघायची! या, या, आत या!"

मला भरून आलं. मी म्हटलं, बघा! चोखंदळ माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो. मी साहेबाकडे वळून हात हलवला. मालकाने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं, गळ्यात एप्रन अडकवला, डोक्यावर पांढरी टोपी घातली. हल्ली मोठ्या हॉटेलांत गिऱ्हाइकाला स्वयंपाकघर दाखवण्याची पद्धत निघालीय, हे मी ऐकून होतो. टोपी स्वच्छतेसाठी असणार. मी ऐटीत सगळीकडे बघितलं, नाक वर करून वास घेतला आणि म्हणालो, "छान! स्वच्छ आहे!"

"स्वच्छ काय बघताय? सुरू करा!"

"काय?"

"अहो, आधीचा आचारी सकाळी भांडून गेला. तुमच्या कंत्राटदाराने अर्ध्या तासात माणूस पाठवतो म्हणून सांगितलं, त्याला आता दीड तास झाला! अंडी उकडून ठेवलीत, बटाटे सोललेत, भात या पोरांनी लावलाय. करा काहीतरी! नाहीतर मी सगळ्यांना घरी पाठवतो आणि दाराला कुलूप घालतो!"

आता खरं सांगून टाकणं, हा सरळ मार्ग होता. मी तोंड उघडलंसुद्धा. पण दाराच्या गोल काचेतून मला आमचं टेबल दिसलं. साहेब अर्धवट उभा राहिला होता, गाडीची किल्ली हातात. बायको पर्स उचलत होती. ती पर्स एकदा खांद्याला लागली असती की उद्या सकाळी होकार, आणि मग उरलेलं आयुष्य साहेबाच्या पायाखालच्या मजल्यावर!

"चौथ्या टेबलाला सांगा, पाच मिनिटांत येतंय!" मी ओरडलो. "आणि मला मोठी कढई द्या!"

मला स्वयंपाकातलं एकच येतं. अंडं-बटाट्याचा रस्सा. आम्ही इथे आलो तेव्हा खिडकीला तावदान नव्हतं, प्लॅस्टिकचा कागद ठोकला होता. तो वाऱ्याने रात्रभर टाळ्या वाजवायचा. हिची नोकरी दुपारपाळीची, घरी येईपर्यंत मावशीची खानावळ बंद झालेली. मग मी एका शेगडीवर रस्सा करायचो. कांदा परतत असताना बसचा आवाज यायचा, मी खिडकीत बघायला जायचो, आणि कांदा करपायचा. रोज करपायचा! ही पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून खायची. पुढे गॅस आला, ओटा झाला, तिने स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मी जो पाटावर बसलो तो आजतागायत उठलो नाही.

हे सगळं आठवत असताना खमंगाच्या थोडा पुढचा वास आला. कांदा! मी घाईघाईत मसाला, पाणी, बटाटे, अंडी सगळं ओतलं. वेटर धावत होते, मी वाढत होतो, टोपी डोळ्यांवर येत होती. "अजून दोन!" "सहा नंबरला अजून एक!" युद्धावर असल्यासारखं वाटत होतं, आणि मी जिंकत होतो!

मग वेटर आला. "चौथ्या टेबलावरच्या बाई आचाऱ्याला बाहेर बोलावतायत."

"कशाला?"

"सांगत नाहीत. एक घास खाल्ला आणि ताटाकडेच बघत बसल्यात."

"त्यांना सांग, आचारी मेला!"

तेवढ्यात मागचं दार उघडलं. झुबकेदार मिशांचा एक धिप्पाड माणूस स्वतःचा झारा घेऊन आत आला. "कंत्राटदाराने पाठवलंय," तो म्हणाला. मग त्याने मला बघितलं, कढई बघितली, झारा खाली ठेवला. "माझ्या जागी माणूस ठेवला?"

मालक आळीपाळीने आमच्याकडे बघायला लागला. "तुम्ही आचारी, तर मग हे कोण?"

"मी गिऱ्हाईक!"

"गिऱ्हाईक आत काय करतंय?"

"तुम्हीच ओढून आणलंत!"

"तुम्ही म्हणालात, आत जाऊन बघू द्या!"

"बघू द्या म्हणालो! कढईत उतरवा म्हणालो नव्हतो!"

मिशीवाल्याने रश्शात बोट बुडवून चाखलं. "कांदा जळालाय," त्याने निकाल दिला. तो बरोबर बोलला, म्हणूनच माझं टाळकं फिरलं. मी त्याचा झारा उचलला, त्याने दुसऱ्या टोकाला धरला, ओढाओढ झाली, त्याने सोडला, आणि मी उलट्या पावली दारातून थेट हॉलमध्ये! टोपी, एप्रन, हातात झारा. अख्खं हॉटेल बघत होतं.

"दाजी?" साहेबाच्या तोंडातला घास तोंडातच.

मी सगळं सांगून टाकलं. मी सांगत असताना मालक हात जोडून उभा होता. कोपऱ्यातल्या टेबलावरून कुणीतरी विचारलं, "रस्सा अजून आहे का?" माझी बाजू घेणारा तेवढा एकच आवाज.

साहेब पोट धरून हसला. मग रुमालाने डोळे पुसून त्याने बँकेतल्यासारखा हिशेब मांडला. "म्हणजे दाजी, तुमच्या या एवढ्या मोठ्या भागात धड जेवण मिळालं ते कुठे, तर तुम्ही स्वतः रांधलं तिथे! एक दवाखाना, एक चकती, आणि हे. हरलात की! आता उद्या होकार?"

खरं होतं. मी एप्रनची गाठ सोडायला लागलो. सुटेना.

बायको उठली. तिने गाठ सोडली. "कांदा अजूनही जाळताच," ती म्हणाली. तिचं ताट पुसून घेतल्यासारखं लख्ख होतं. मग भावाकडे वळून म्हणाली, "दादा, त्या फ्लॅटवाल्यांना नाही म्हणून सांग."

"अगं, पण इथे एकही हॉटेल..."

"जळू देत हॉटेलं! मी इथेच राहणार. आणि दर रविवारी हे रांधणार."

"दर रविवारी?" हे मी.

"मग आम्हीही येत जाऊ," वहिनी म्हणाल्या. "वेळेवर मिळालं ना, बास."

तर अशी मी लढाई जिंकली. तेव्हापासून दर रविवारी माझ्या सोफ्यावर साहेब पाय पसरून बसलेला असतो आणि मी आत बटाटे सोलत असतो. मधूनमधून बाहेरून आवाज येतो, "दाजी, आज उशीर!"

परवा लिफ्टमध्ये नवीन राहायला आलेलं एक जोडपं भेटलं. पोरं गोड होती, दमलेली होती, हातात अजून खोक्यांच्या दोऱ्या.

"काका, तुम्ही जुने ना इथले? इकडे चांगलं जेवण कुठे मिळतं हो?"

मी आजूबाजूला बघून घेतलं. बायको सोबत नव्हती.

"कुठेही नाही!" मी म्हणालो. "सरळ शहरात जा."

"पण सातव्या मजल्यावर रविवारी कसला तरी मस्त वास येतो. कोण राहतं तिथे?"

"काय की," मी म्हणालो, आणि तिसऱ्याच मजल्यावर उतरून उरलेले चार जिने चढत घरी गेलो.