तुरुंग बर्लला घेईना

हजर व्हायची वेळ शुक्रवारी दुपारी दोनची होती; बर्ल लेडफर्ड बारा वाजताच तुरुंगाच्या दारात येऊन उभा राहिला. या डोंगरातली माणसं दफन, लग्न आणि सरकारी बोलावणं यांना उशीर करत नाहीत. हातात कागदी पिशवी, तिच्यात दातांचा ब्रश, चष्मा आणि बायबल. मेहुणा कॉय त्याला सोडायला आला होता, पण आवाराबाहेरच गाडीत बसून राहिला. आत पाऊल टाकायला त्याचं मन घेत नव्हतं.

खिडकीमागे सार्जंट मार्व्हा पेनलँड होती. तिनं संगणकात पाहिलं, पुन्हा पाहिलं आणि मान हलवली.

"तुमचं नाव नाही इथं."

"असायला पाहिजे, बाई. तीन आठवडे आहेत माझे. सरकारी जंगलातलं जिनसेंग, ते औषधी मूळ, खणलं म्हणून."

"खणलं असेल हो, मी कुठं नाही म्हणते. पण कोर्टाचा आदेश आलेला नाही. सोमवारी या."

"आता आलोच आहे तर घ्या की आत. कुठंतरी कोपऱ्यात बसेन."

"आदेश नसताना तुम्हाला कोंडलं तर त्याला अपहरण म्हणतात. मग तुम्ही घरी आणि मी आत."

बर्लनं जरा विचार केला. "बरं, मग आजचा दिवस तरी धरणार ना? मी वेळेवर आलो होतो."

"तुम्ही येऊन काय उपयोग? आम्ही घेतलं पाहिजे. आम्ही घेतलं की शिक्षा सुरू. त्याआधीचं रडणं, निरोप घेणं, सगळं तुमच्या पदरचं."

रडणं झालं होतं खरं. आदल्या संध्याकाळी चर्चमध्ये त्याला निरोप दिला होता. तळलेली कोंबडी, घेवडा, मक्याचा पाव, केळ्याचं पुडिंग. पाद्री हॉयल यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून इतकी लांब प्रार्थना केली की पुडिंग पातळ झालं. बर्लनं साऱ्यांची माफी मागितली होती. ज्यांचं काही वाकडं केलं नव्हतं त्यांचीसुद्धा. इतकं सगळं करून आता परत जायचं म्हणजे तोंड दाखवायला जागा नव्हती.

घरी नेटी ओट्याशी उभी होती. नवऱ्याला दारात पाहून तिनं विचारलं, "काय विसरलास?"

"काही नाही. मला घेतलं नाही."

"कुणी?"

"तुरुंगानं."

नेटीनं चमचा खाली ठेवला. "बर्ल, कारखान्यानं घेतलं नाही, सैन्यानं घेतलं नाही. तुरुंगानं तरी घ्यायचं."

तीन आठवडे सोबत म्हणून नेटीची बहीण विल्मा राहायला आली होती आणि तिनं पलंगाची बर्लची बाजू आधीच ताब्यात घेतली होती. बर्ल सोफ्यावर झोपला. सोमवारपर्यंत घराबाहेर पडायचं नाही असं त्यानं ठरवलं. पण विल्माकडे फोन होता.

रविवारी सकाळी पाद्री हॉयल स्वतःच त्याला न्यायला आले. चर्च गच्च भरलं होतं. बर्ल आत शिरला तशी माणसं बाकांवरून उठून उभी राहिली.

"आपण काय मागितलं होतं देवाजवळ?" पाद्री म्हणाले. "बर्लसाठी तुरुंगाची दारं बंद कर, असं मागितलं होतं. आणि काय झालं? गुहेत टाकलेल्या डॅनियलला सिंहांनी खाल्लं नाही. बर्लला तुरुंगानं घेतलं नाही."

"आदेश यायचा होता हो," बर्ल हळूच म्हणाला.

"मग तो कुणी अडवला?" पाद्रींनी विचारलं. 

दुपारपासून माणसं त्याचा हात लावून घ्यायला येऊ लागली. कुणी दुखरा गुडघा पुढे केला, कुणी न बोलणारं पोर. ऐंशीच्या पुढच्या यूला मावशींनी त्याला घरी नेलं आणि बंद पडलेल्या फ्रीजरवर हात ठेवायला लावला. हात ठेवताना बर्लला दिसलं की प्लग निसटलाय. त्यानं तो पायानं आत दाबला. फ्रीजर घुरघुरला. मावशींचे डोळे मिटलेले होते, आणि गालांवरून पाणी वाहत होतं. ते पाणी बघून बर्लला खरं सांगायचा धीर झाला नाही. परत येताना वाटेत तो डोंगराकडे बघत थांबला. एका कड्यामागे दुसरा, त्यामागे निळा, त्याहून फिका. एवढं मोठं काम ज्याच्या अंगावर आहे, त्यानं एका जिनसेंगचोराचा कागद अडवून धरावा? 

सोमवारी त्याच्यामागे नऊ गाड्या निघाल्या. सगळं चर्च तुरुंगाच्या आवारात उतरलं. टोमॅटोची सँडविचं, घडीच्या खुर्च्या, लहान मुलं. फक्त कॉय गाडीतच राहिला. पाद्रींनी भजन सुरू केलं.

"आला आदेश," मार्व्हा म्हणाली. "चला आत."

लोखंडी दार मागे धाडकन लागलं. बाहेरचं भजन कडव्याच्या मध्येच थांबलेलं बर्लला ऐकू आलं. तुरुंगापेक्षा त्या शांततेनंच त्याला जास्त लाज वाटली.

मार्व्हानं त्याला खुर्चीवर बसवलं. "या प्रकरणात आधी कधी आत होतात?"

"सप्टेंबरात, पकडल्यावर. पलीकडच्या काउंटीच्या तुरुंगात. जामिनाला पैसे नव्हते. पण ते वेगळं, बाई. तेव्हा शिक्षा कुठं झाली होती."

"किती दिवस?"

"पंचवीस."

मार्व्हानं पलीकडच्या तुरुंगाला फोन लावला. बराच वेळ नुसतं हं हं केलं. मग फोन ठेवून बर्लकडे पाहिलं.

"तुमची शिक्षा संपली."

"कधी?"

"सुरू व्हायच्या आधी."

बर्ल खुर्चीला धरून बसला. "जजसाहेबांना हे माहीत नव्हतं?"

"शिक्षा देणं त्यांचं काम, दिवस मोजणं आमचं. याच गुन्ह्यासाठी बंद दारामागे बसलात ना? दुसरीकडे कुठं ते धरलेलं नाही ना? मग ते यात वजा."

"पण तीन आठवडे म्हणजे एकवीसच. वरचे चार?"

"ते गेले. दिवस साठवता येत नाहीत. नाहीतर लोक शिल्लक टाकून चोऱ्या करतील."

 सप्टेंबरातल्या त्या सकाळी बर्लला आठवल्या. छताकडे बघत, बाहेर जिनसेंगची पानं पिवळी होत असतील असा विचार करत तो पडून असायचा. वाटायचं, हे कुणाच्याच हिशेबात नाही. आणि कुठंतरी एकेक दिवस त्याच्या नावावर चढत होता. न मागता. 

आवारात माणसं अजून पहिलंच सँडविच खात होती. बर्ल दारातून चालत आला तसे पाद्री हॉयल होते तिथं गुडघ्यावर बसले. त्यांच्यामागोमाग सगळे.

"उठा," बर्ल म्हणाला. "हा चमत्कार नाही. माझे सप्टेंबरातले पंचवीस दिवस मोजले त्यांनी, वरचे चार वाया गेले. कायदाच आहे तसा."

 पाद्रींचा चेहरा पडला. मग यूला मावशी काठी टेकत पुढे आल्या.

"म्हणजे सरकारनं स्वतःहून मोजलं?"

"हो, मावशी."

"आणि हिशेब तुझ्या बाजूनं निघाला?"

"हो."

मावशींनी आधारासाठी जवळच्या गाडीला हात टेकला. एकोणीसशे सव्वीस साली त्यांच्या वडिलांची जमीन मोजायला सरकारी माणूस आला होता आणि मोजणीत ती सरकारजमा झाली होती, हे गावात सगळ्यांना माहीत होतं. "पाद्रीबाबा," त्या म्हणाल्या, "भजन सुरू करा."

नेटीनं नवऱ्याचा हात धरला.  शुक्रवारच्या त्या टोमण्यानंतर ती जे म्हणाली नव्हती, ते सगळं त्यात होतं. बर्ल कॉयला सांगायला वळला, तर गाडी रिकामी. आवारात पाय न ठेवणारा कॉय आतल्या खिडकीशी हॅट काढून उभा होता. बर्ल धावला, पण कॉय बोलायला लागला होता.

"बाई, ते वरचे चार दिवस बर्लच्या काही कामाचे नाहीत म्हणे. माझ्या नावावर करता येतील का? सप्टेंबरात मीही त्याच्याबरोबर खणत होतो. मला फक्त पळता आलं."

पंचवीस दिवस बर्लनं प्रत्येक अधिकाऱ्याला एकच सांगितलं होतं: मी एकटा होतो.

मार्व्हा पेनलँडनं चष्मा नीट बसवला आणि एक कोरा कागद पुढे ओढला.

"नाव सांगा," ती गोड आवाजात म्हणाली. "सावकाश. स्पेलिंगसकट."