देसले सरांचा आडोसा

देसले सरांनी एकदा सूर्यमालेला परवानगी नाकारली होती. दोंडाईच्याच्या आमच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. सूर्य पतंगाच्या कागदाचा, आत साठचा बल्ब. सर त्याच्याभोवती फिरले आणि म्हणाले, "धरून चला, सूर्य पेटला. मग?"

तेव्हा सूर्य विझवला आणि आमची पृथ्वी दिवसभर अंधारातच फिरली.

ज्वालामुखी करणाऱ्या पोराला पाटीवर 'सुप्त' असा शब्द लिहायला लावून पास केलं. ह्या पाट्या रंगवायचं काम माझ्याकडे, कारण मी चित्रकलेचा मास्तर. एरवी मी शाळेत काय करतो हे हेडमास्तरांनाही नीट सांगता आलं नसतं.

खरी गोष्ट अशी, की देसले सर विस्तवाला भयंकर भ्यायचे. रसायनशास्त्र ते फळ्यावरच शिकवत, फळ्याला आग लागत नाही म्हणून. घरी वहिनी स्टोव्ह पेटवायच्या तेव्हा हे अंगणात जाऊन उभे राहायचे. दिवाळीत तर त्यांच्याकडे फराळाला जायचं म्हणजे कानात बोळे घातलेल्या माणसाशी खुणांनी बोलायचं.

असला माणूस जिल्ह्याच्या प्रदर्शनाच्या सुरक्षा समितीवर गेला. त्यांनी तिथं एक नियम मंजूर करून घेतला: बॉयलर आणि बघणारे यांच्यामध्ये आडोसा असावा, तो लाकडी नसावा, आडोसा नसेल तर बॉयलर पेटवू नये. पाटी अर्थात मीच रंगवली.

त्या वर्षी आमच्या शाळेकडून नववीतली मंगल निघाली. तिचे वडील फुटक्या डबे-कंदिलांना कथलाचा डाग द्यायचे. बापलेकीनं तेलाच्या डब्याचा बॉयलर केला होता. वाफेनं पत्र्याचं चाक फिरायचं. सरांनी जादा वाफ निघून जायला आणखी एक भोक पाडायला लावलं. मग अजून एक सुचवलं, तेव्हा मंगल म्हणाली, "सर, मंग ते चाळणी व्हई जाई."

आडोशासाठी मी माझ्या एका तसबिरीची काच दिली. ती एस.टी.च्या टपावरून धुळ्याला प्रदर्शनात पोचली खरी, पण तुकड्यांत.

परीक्षक शेजारच्या टेबलाशी आले होते आणि बंद मॉडेलकडे ते बघतही नव्हते. दुकान बंद ठेवून आलेले मंगलचे वडील टोपी हातात घेऊन उभे होते. संयोजक सरांना म्हणाले, "नियम तुमचाच आहे. आम्ही काय करणार?" बोलताना गृहस्थाला गुदगुल्या होत होत्या हे दिसत होतं. मंगलनं मान खाली घातली आणि चाक पिशवीत ठेवायला काढलं.

देसले सरांनी कोट काढून माझ्याकडे दिला. टेबलाला वळसा घालून ते डब्याला पाठ करून उभे राहिले, अगदी खेटून. चाक तेवढं त्यांच्या कोपरापलीकडे दिसेल असं.

"हे काय, सर?" संयोजक म्हणाले.

"आडोसा."

"अहो, पण..."

"मी लाकडी आहे का?"

संयोजकांनी नियमाची पाटी पुन्हा एकदा वाचून काढली. मंगलनं चाक परत बसवलं, पण काडेपेटी धरून तशीच उभी. "सर, तुमले चटका लागी," ती म्हणाली.

शाळेत सर पुस्तकी मराठीच्या बाहेर पाऊल टाकत नसत. तिथं मंगलच्याच अहिराणीत म्हणाले, "लागू दे. तू पेटाड आनि मन्हा पुढे ये. मी शे ना आठे."

सर इथं आहेत म्हटल्यावर तिनं वात पेटवली आणि ती त्यांच्या पुढ्यात येऊन उभी राहिली. डबा कुरकुरायला लागला तसे सरांनी डोळे घट्ट मिटले. पाठीवर वाफ, सदरा ओला, ओठ पांढरे पडलेले. इतका घाबरलेला आणि इतका न हललेला माणूस मी पुन्हा पाहिला नाही. सांगायला हरकत नाही, त्या घटकेला मला त्यांचा फार अभिमान वाटला.

चाक हललं, अडखळलं, आणि गरगर फिरायला लागलं. परीक्षक वाकून बघत होते. मंगलच्या वडिलांनी टोपी डोक्यावर घातली आणि लगेच पुन्हा काढली. सगळा हॉल ते चाक बघत होता, फक्त देसले सरांना ते दिसत नव्हतं.

"मास्तर," ते डोळे न उघडता हळूच म्हणाले, "फिरी ऱ्हायनं का?"

"फिरतंय, सर."

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.