बुडबुड्यांचे वैरी घागकाका

घागकाका कपात चहा ओतत नाहीत, उतरवतात. कप तिरपा धरायचा, किटलीचं तोंड कडेला टेकवायचं आणि चहा कपाच्या भिंतीवरून हळूहळू खाली जाऊ द्यायचा. वर एक जरी बुडबुडा दिसला, तर तो फुटेपर्यंत कपाकडे बघत बसायचं. चिंचपोकळीच्या आमच्या गल्लीतला चहावाला हातभर उंचीवरून धार सोडतो आणि त्याचा त्याला कोण अभिमान. काकांनी भर गिऱ्हाइकांत त्याला विचारलं, "थंड कर रे बाबा, पण हवा कशाला कोंडतोस त्यात?" तेव्हापासून तो काकांच्या हातात सरळ किटलीच देतो. कोण डोकं लावणार.

दत्ताराम घाग हे आमच्या वर्कशॉपमधले सगळ्यात जुने कारागीर. आम्ही पल्स जनरेटर बनवतो. काका त्याला डबा म्हणतात, म्हणून आम्हीही डबाच म्हणतो. मूतखडा फोडायच्या मशीनला दर सेकंदाला विजेचा एक जबरदस्त ठोका लागतो, तो हा डबा देतो. आता एवढी वीज एवढ्याशा डब्यात कोंडायची, म्हणजे ती बाहेर उडी मारायला टपलेलीच असणार. शिवाय डबा तापतो तो वेगळाच. म्हणून तो तेलाने गच्च भरायचा. तेल विजेला अडवतं आणि उष्णता बाहेर नेतं. काकांच्या भाषेत, "गरमी बाहेर, करंट आत." पण त्या तेलात हवेचा बुडबुडा किंवा पाण्याचा थेंब राहिला, की वीज नेमकी तिथूनच वाट काढते आणि डबा बसतो.

हे ज्ञान काकांनी डब्यापुरतं ठेवलं असतं तर आमची काही तक्रार नव्हती. पण ते सोडा पीत नाहीत. ढोकळा समोर आला की विचारतात, यात खायचं काय, भोकं? मालकांनी त्यांच्या कमरेसाठी फोमची गादी आणली, तर म्हणाले, हवेवर बसायला मी काय योगी आहे? राग आला की गॅलरीत जाऊन तीन फेऱ्या मारतात. ती गरमी बाहेर. घरचा विषय निघाला की मात्र तोंडाला कुलूप. काकी गेल्यापासून एकटे राहतात, एवढंच आम्हाला माहीत होतं.

मी तिथे लागले सहा महिन्यांच्या बोलीवर. काम पसंत पडलं तर कायम, नाहीतर घरी. काकांनी पहिले दोन महिने मला नुसतं फडकं धुवायला लावलं. डिप्लोमा केलेल्या मुलीला फडकं! धाग्याचा एवढासा तूस तेलात गेला तरी डबा बसतो, हे नंतर समजलं, पण तोवर मी त्यांना मनातल्या मनात भरपूर शिव्या घालून घेतल्या होत्या.

त्याच वर्षी परळच्या एका धर्मादाय इस्पितळाचं काम आलं. त्यांच्या जुन्या परदेशी मशीनचा डबा जळला होता आणि तसा डबा आता कुठेच मिळत नव्हता. आमचा डबा सोमवारपर्यंत तयार झाला तर ठीक, नाहीतर मशीन भंगारात. मग खडा पोटात घेऊन रांगेत बसलेल्या गरिबांनी जायचं कुठे? काका दोन दिवस घरी धड गेले नाहीत. तेल थेंबाथेंबाने भरलं. आत राहिलेली हवा वर यावी म्हणून बूच काढून ठेवलं, त्यावर फडकं झाकलं आणि इस्पितळात माप घ्यायला गेले.

नेमकी त्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या मशीनची पूजा होते, आणि पूजेचा मान नवीन माणसाला. मी नटूनथटून आलेली. लेथ झाली, ड्रिल झालं, मग डब्यापाशी आले. बघते तर वर तेलकट फडकं. देवाच्या कामाला असलं फडकं बरं दिसतं का? मी ते काढलं. हळदकुंकू लावलं, अक्षता वाहिल्या आणि झेंडूच्या फुलाने चांगलं मन लावून पाणी शिंपडलं. मग फडकं परत जागेवर ठेवलं.

दसऱ्यानंतर टेस्टिंगला डबा सुरू केला. दहा ठोके नीट गेले, अकराव्याला आतून कडाड आवाज आला आणि सगळं बंद. मालकांचा चेहरा पडला. काकांनी तेल पांढऱ्या कापडातून गाळायला घेतलं. मी शेजारीच उभी होते. कापडावर तांदळाचा एक दाणा उरला, कुंकवाने लाल झालेला. माझीच अक्षता.

काकांनी दाणा बघितला. मग माझ्याकडे बघितलं. कापडाची घडी केली, खिशात घातली आणि मालकांना म्हणाले, "बूच माझ्याकडून उघडं राहिलं. दमट हवा गेली आत. वय झालं."

तीस वर्षांत या माणसाने स्वतःची चूक कबूल केल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. आणि मी? मी मूग गिळून बसले. खोटं कशाला सांगू, भ्याले होते.

पुढचे तीन दिवस आम्ही दोघांनी डबा सुकवला, तेल तापवून पंपाने त्यातली हवा आणि ओल खेचून काढली, परत भरलं. काका त्या दाण्याबद्दल एक शब्द बोलले नाहीत. सोमवारी डबा इस्पितळातल्या मशीनला जोडला. तीन हजार ठोके सलग दिले आणि पहिला रोगी टेबलावरून उतरून चालत गेला. आम्ही सगळे खूश. तेवढ्यात मालक हळूच म्हणाले, काका, यापुढे तेल भरायचं काम दुसऱ्या कोणाला देऊ या, तुम्ही नुसती देखरेख करा.

काकांनी मान हलवली. ती मान बघून मला राहवलं नाही. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, फडकं मी काढलं, पाणी मी शिंपडलं, काकांचा काही दोष नाही. नोकरी गेली तर जाऊ दे.

मालक म्हणाले, पुढचा डबा दोघांनी मिळून भरा आणि पूजा लांबून करा. पण काका तिथे नव्हतेच. ते इस्पितळाच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होते. पाचवी चालू होती.

"कोणी सांगितलं होतं तुला तोंड उघडायला?" माझ्यावरच उखडले.

"काका, तुमचं नाव खराब होत होतं."

"माझं नाव खराब झालं तर घरी विचारणारं कोण आहे? तुझी आई रोज दारात उभी राहून विचारते ना, काय झालं आज कामावर? तूच सांगतेस नेहमी आम्हाला. काय सांगणार होतीस तिला? म्हणून म्हटलं, राहू दे माझ्यावर."

मला रडू आलं. काकांना रडणाऱ्या माणसाचं काय करायचं ते माहीत नसावं, ते रस्त्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, आज करी रोडला माझ्या घरी जेवायला यायचं. नको, कशाला, असं म्हणत म्हणत आले.

आईने दार उघडलं आणि सवयीने विचारलं, "काय झालं गं आज कामावर?" मी तोंड उघडायच्या आत काका खुर्चीवर बसले आणि सुरू झाले. तेल म्हणजे काय, बुडबुडा म्हणजे काय, इथून सुरुवात. भाकऱ्या खोळंबल्या. तास झाला तरी स्वारी खंडेनवमीपर्यंतच पोचली होती. आईला त्यातलं निम्मं कळत नव्हतं, पण काका जरा थांबले की ती म्हणायची, "मग?"