मेस्त्रीकाका आणि एक्केचाळीस निरोप

सोसायटीच्या गेटसाठी नवं ॲप आलं त्या रविवारी आमच्या बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांनी खाली पार्किंगमध्ये उभ्या उभ्या 'मान्य आहे' हे बटण दाबलं, आणि चौथ्या मजल्यावरच्या मेस्त्रीकाकांनी खुर्ची मागवली. मग घरून चष्मा मागवला. त्या बटणाच्या वर बारीक अक्षरांत जे पानंच्या पानं लिहिलेलं असतं ते सगळं त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने वाचलं. इंग्रजीत वाचायचं, मराठीत अर्थ सांगायचा, आणि वॉचमनसाठी हिंदीत एक वाक्य जास्तीचं. ॲप बसवायला आलेली बाई आधी हसली, मग घड्याळ बघायला लागली, मग तिने पायरीवर बसून डबा खाल्ला. पावणेदोन तासांनी काका उठले आणि म्हणाले, "हे मला मान्य नाही." तेव्हापासून मेस्त्र्यांकडे येणाऱ्या पाहुण्यांची नावं वॉचमन वहीत लिहितो.

मी त्यांच्या शेजारच्या घरात राहते. शाळेच्या ऑफिसात नोकरी करते, दिवसभर लोकांकडून फॉर्म भरून घेते, त्यामुळे फॉर्म वाचत बसणाऱ्या माणसांचा मला मुळातच राग आहे. शिवाय स्वभाव तापट. अशा बाईला शांती नगरातल्या इतक्या बिल्डिंगी सोडून नेमकं मेस्त्रीकाकांच्या भिंतीला भिंत लावून घर मिळावं, याला नशीबच म्हणायचं.

काकांचा एक ठरलेला प्रश्न होता. "विकत की वापरायला?" कोणी काहीही नवीन आणलं की हा प्रश्न आलाच. टीव्ही आणला, विकत की वापरायला? पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं, विकत की वापरायला? तळमजल्यावरच्या शाहभाईंनी नव्या गाडीला हार घातला, पेढे वाटले, तर काका पेढा हातात धरून विचारतात, "शाहभाई, इसका ताला आपके हाथ में है या कंपनी के?" शाहभाईंनी उरलेले पेढे झाकून आत नेले.

भाईंदरच्या एका औषधांच्या गोदामात काकांनी अठ्ठावीस वर्षं कॉम्प्युटरचे प्रोग्राम लिहिले होते. हल्लीच्या सॉफ्टवेअरबद्दल त्यांचं मत अत्यंत वाईट होतं. "अगं माधवी, आमच्या वेळी प्रोग्राम पुरा व्हायचा. फ्लॉपी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची. त्याने ती पाण्यात बुडवली तरी त्याची. आता पुराच होत नाही. कच्चा भात पानात वाढायचा आणि वर सांगायचं, तुम्ही जेवत राहा, आम्ही खाली गॅस चालू ठेवलाय."

एकदा आमच्या ह्यांनी एका ॲपवर पैसे भरून जुनी गाणी घेतली. दोन वर्षांनी एका सकाळी त्यातली निम्मी गायब. काकांना जिन्यात कळलं. संध्याकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्याकडे आले, सोफ्याच्या टोकाशी बसले आणि म्हणाले, "वाईट झालं." आम्ही नवराबायको एकमेकांकडे बघत राहिलो. घरात कोणी गेल्यासारखे ते भेटायला आले होते. जाताना मात्र त्यांनी ह्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाला नुसती खोड नाही, कुठेतरी लागलेलं आहे.

काकांच्या घरात दुसरं माणूस म्हणजे त्यांची धाकटी बहीण, सुमाताई. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. सुमाताई महानगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांचा आवाज असा, की चौथ्या मजल्यावरून त्यांनी "कोथिंबीर!" म्हटलं की भाजीवाला पुढच्या गल्लीतून परत यायचा. चार वर्षांपूर्वी त्यांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढून टाकावं लागलं. त्यानंतर त्या गळ्याला सुती रुमाल बांधून असत आणि वहीवर लिहून बोलत. मधली दीड वर्षं त्यांच्याकडे एक टॅब होता. त्यावर टाइप केलं की तो चक्क त्यांच्याच आवाजात बोलायचा. जरा सपाट, पण त्यांचाच. मग तो बंद पडला. काका म्हणाले, कंपनी बुडाली. आम्ही हळहळलो आणि आपापल्या कामाला लागलो. दुसऱ्याचं दुःख आपण किती पटकन आटपतो ते आठवलं की आता लाज वाटते.

त्यानंतर काकांचं दुसरं खूळ सुरू झालं. लोकांचे जुने फोन मागायचे. "टाकू नका, मला द्या." बंद पडलेले, काच फुटलेले, काहीही. घरात खोक्यांचे थर लागले. मला त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी ऑफिसातून नुकतीच चार जणांशी भांडून आले होते. म्हटलं, "काका, घर आहे की भंगाराचं गोदाम? त्या बिचाऱ्या सुमाताईंना पाय ठेवायला तरी जागा ठेवा!"

काका जिन्याच्या पायरीवर बसले. म्हणाले, "तिच्यासाठीच शोधतोय गं."

मग त्यांनी सांगितलं. ऑपरेशनच्या आधी आठवडाभर सुमाताईंनी रोज त्या कंपनीच्या ॲपमध्ये वाक्यं वाचली होती, शेकड्यांनी. त्यावरून कंपनीने त्यांचा आवाज तयार केला. पुढे ती कंपनी दुसऱ्या कोणी घेतली आणि त्यांनी हे कामच बंद केलं. आवाज गेला, वाचलेली वाक्यंही गेली. काकांनी पत्रं लिहिली. उत्तर आलं की अटींप्रमाणे आवाज वापरायची फक्त परवानगी दिलेली होती, आणि त्या अटी तुम्ही मान्य केल्या आहेत.

"केल्या होत्या?" मी विचारलं.

"वाक्यं वाचून झाल्यावर शेवटी अटी आल्या, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. हॉस्पिटलात. ती कपडे बदलून बसली होती, नर्स घाई करत होती. मी बटण दाबलं." काकांनी हाताकडे बघितलं. "अठ्ठावीस वर्षं गोदामातल्या खोकल्याच्या औषधाच्याही तीन तीन प्रती ठेवल्या, माधवी. आणि हिच्या आवाजाची एक प्रत घेतली नाही. वाचलंही नाही."

"सुमाताईंना माहीत आहे?"

"तिला सांगितलंय, कंपनी बुडाली."

म्हणून ते फोन. कुठल्यातरी हळदीकुंकवाच्या, कुठल्यातरी वाढदिवसाच्या चित्रणात सुमाताईंचा आवाज सापडेल म्हणून. पण शिक्षिका बाई कॅमेरा दिसला की तोंड मिटून ताठ उभ्या राहायच्या. त्यांचा स्वतःचा फोन काकांनीच साफ करून कोणाला तरी देऊन टाकलेला. आणि एका घरात राहणारी माणसं एकमेकांना कशाला निरोप पाठवतील? दोन वर्षांत काकांना सगळं मिळून एक शिंक मिळाली होती, आणि ती सुमाताईंचीच आहे याची खात्री नव्हती. बाजारातला दुसरा तयार आवाज घ्यायला सुमाताई तयार नव्हत्या. वहीत त्यांनी लिहिलं होतं, "ती बाई बातम्या देते."

त्या दिवशी मी माझे तिन्ही जुने फोन काकांना दिले. त्यात काही निघालं नाही.

आता माझ्या मूर्खपणाचं ऐका. आमच्याकडे मासळी घेऊन येते ती फिलूमावशी, किनाऱ्यावरच्या पाली गावची. आठवड्यातून तीनदा टोपली घेऊन बसने येते. तिला वाचता येत नाही, त्यामुळे आमच्या सेक्टरमधल्या सगळ्या बायका तिला फोनवर बोलून निरोप पाठवतात. मावशी पहाटे बंदरावर उभी राहून ते ऐकते आणि त्याप्रमाणे माल उचलते. गेली कित्येक वर्षं हे चाललंय. मीही एका बुधवारी असाच फोन तोंडापाशी धरून सांगत होते, "मावशी, कोळंबी असेल तर अर्धा किलो, आणि..." आणि माझी जीभच थांबली.

मी मावशीला फोन लावला. म्हटलं, मावशी, जुने निरोप असतात का गं तुझ्याकडे?

"हायत ना. सगले हायत. पुसायचे कसे ते मना ठाव न्हाय. पोरगी ओरडते, फोन भरला, फोन भरला."

"टीचरबाईंचे?"

"टीचरबायचे पन हायत. का गो? कोन मेलं काय?"

दुसऱ्या दिवशी मावशी काकांच्या दारात टोपली उतरवून बसली. सुमाताई आत झोपल्या होत्या. मला वाटलं काका फोनवर झडप घालतील. पण काका ते काकाच. त्यांनी रात्रीत अर्ध्या पानाचा करार लिहून ठेवला होता. फोन फिलोमिना यांचा, सबब निरोपांच्या मालक त्या, सबब त्यांची लेखी परवानगी आवश्यक. ते मोठ्याने वाचून दाखवायला लागले. मावशीने दोन ओळी ऐकल्या आणि हात वर केला.

"आवाज तिचा, फोन माजा. मंग तू मधी कोन रे?"

काकांनी करार अर्ध्यावरच मिटून ठेवला. असं मी पहिल्यांदाच पाहिलं. मावशीने फोन त्यांच्या मांडीवर टाकला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मांदेली हायत, घेतेस?"

एक्केचाळीस निरोप निघाले. काकांनी एकही न ऐकता आधी त्यांच्या पाच ठिकाणी प्रती केल्या, मग दार लावून घेतलं. पुढचा पंधरवडा ते खाली दिसले नाहीत. इंटरनेट कायमचं काढून टाकलेल्या एका जुन्या टचस्क्रीन लॅपटॉपवर त्यांनी स्वतः प्रोग्राम लिहिला. पडद्यावर चौकटी, प्रत्येक चौकटीत एक निरोप लिहिलेला, बोट लावलं की वाजतो. अट नाही, परवानगी नाही, मान्य नाही, अमान्य नाही.

एका शनिवारी दुपारी त्यांनी मला बोलावलं. टेबलावर लॅपटॉप होता, समोर सुमाताई. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या चौकटीवर बोट ठेवलं.

"फिलू, आज बोंबील नको गं. दादाला पचत नाहीत, आणि समोर आले की तो खातोच."

ती तीच खणखणीत हाक होती, सबंध जिना ऐकेल अशी. सुमाताईंचा हात आपसूक गळ्याच्या रुमालाकडे गेला. मला रडू आलं, ते लपवण्यात अर्थ नाही. मग त्या एकेक चौकट लावत गेल्या. "कालचा बांगडा शिळा होता हं, मला शिकवू नकोस." "सुरमई आण, पण मधले तुकडे. दादाला काटे काढता येत नाहीत." "दादाला ताप आहे, आज काही नको." एक्केचाळीस निरोपांत मासळी होती, आणि मासळीच्या मागे सगळीकडे दादा. काकांनाही हे आत्ताच कळत असावं, कारण पंधरा दिवस ऐकलेलं असूनही ते भिंतीकडे तोंड करून उभे होते.

माझ्या मनात आलं ते सांगते. हे फार थोडं होतं. एवढ्या बोलक्या बाईला आयुष्यभरासाठी एक्केचाळीस वाक्यं, तीही मासळीची. पुन्हा कुठल्या कंपनीच्या हाती काका ते देणार नव्हते, म्हणजे नवीन एक शब्द त्यात आता कधी येणार नाही. पण सुमाताई हसत होत्या. मी चहाला नको म्हटलं तर त्यांनी झटकन एक चौकट शोधली. "नखरे करू नकोस, मुकाट्याने ठेवून जा!" मी मुकाट्याने चहा घेतला.

तेव्हा काकांनी खिशातून कागद काढला आणि चष्मा लावला.

"सुमा, मला काही वाचायचंय. कलम एक. त्या आवाजाच्या अटी मी वाचल्या नव्हत्या. न वाचता बटण दाबलं." त्यांचा आवाज अगदी गेटच्या ॲपच्या वेळी होता तसाच होता. "कलम दोन. तू वाचलेल्या वाक्यांची प्रत घ्यायला हवी होती. मला ते काम येत होतं. मी केलं नाही. कलम तीन. कंपनी बुडाली असं तुला सांगितलं. ती बुडाली नाही. ते खोटं होतं. दोन वर्षं मी तुझ्याशी..."

सुमाताईंनी हात वर केला. शाळेत वर्गाला गप्प करायला करत असतील तसा. मग त्या पडद्यावर वाकल्या आणि बोटाने चौकटी शोधायला लागल्या. वरच्या ओळी, मधल्या ओळी. बराच वेळ लागला. काका कागद धरून तसेच उभे होते. अगदी खालच्या ओळीत त्यांना हवी ती चौकट मिळाली. फिलूमावशीची टोपली कधीतरी बसमध्ये उलटली असावी, ऑर्डरीचा माल गेला असावा, आणि मावशीने रडत फोन केला असावा. त्यावरचा हा निरोप.

"अगं, चूक झाली तर झाली. रडतेस काय वेड्यासारखी? घाईत होतं माणसाकडून. मी काही रागावलेली नाही. उद्या ये."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि कागदात बघितलं.

"कलम चार राहिलंय," ते म्हणाले.

सुमाताईंनी तीच चौकट पुन्हा दाबली.