दिगंबरराव आजगेकर रंगराज्यी माघारी आले त्याची हकीकत

श्रीरंगदेवता समर्थ. जिचे दारी राजा आणि भिकारी एकाच आरशापुढे बसून तोंडास रंग लावितात, तिचे चरणी मस्तक ठेवून हा वृत्तांत जैसा घडला तैसा लिहिला असे. शके १८८४, शुभकृतनाम संवत्सरी, कार्तिकमासी रंगराज्यात मोठी घालमेल जाहली, तिचे कारण राजश्री दिगंबरराव आजगेकर. रंगराज्य म्हणजे तात्यासाहेब मालकांची नाटकमंडळी. तिला गड नव्हते, कोट नव्हते. जेथे पडदा टांगावा तो मुलूख आपला, आणि प्रयोग सरताच सामान मोटारीत घालून कूच करावे, ऐसा कारभार. त्या राज्यात राव विशीत येऊन भालदार जाहले, म्हणजे राजाचे मागे भाला धरून उभे राहणे, वाक्य एकही नाही. परंतु उभे ऐसे राहिले की लोक राजा सोडून भालदारच पाहू लागले. मग राजाचे काम करणारे तात्यासाहेब आत येऊन मुकुट आपटून बोलिले, "याला एक तर राजा करा, नाही तर घरी पाठवा! मी मरतोय तिकडे, आणि सगळे बघतात याच्याकडे!" घरी जाणारी मोटार दुसरे दिवशी होती, सबब त्याच दिवशी राजा केले.

मग रावांचा अंमल वाढला, आणि राणीचे कामी कुमुदबाई खेडेकर होत्या, आवाज मृदू, जीभ तिखट, आणि त्या जोडीने मुलखामागून मुलूख काबीज केला. ती कीर्ती चित्रप्रांती, म्हणजे सिनेमावाल्यांकडे, पोचली आणि तेथून बोलावणे आले. राव ट्रंक बांधू लागले तेव्हा बाई बोलिल्या, "निघालात?" राव बोलिले, "वर्षभरात येतो." बाई बोलिल्या, "वर्ष कुणाचं? त्यांचं की आपलं?" राव हसले आणि गेले, आणि एक तप आले नाहीत.

चित्रप्रांती प्रथमदिनी फजिती जाहली. राव एक वाक्य गर्जून बोलिले आणि छाती काढून स्तब्ध राहिले. दिग्दर्शक ओरडले, "कट! थांबलात का?" राव बोलिले, "टाळीची जागा आहे." दिग्दर्शक बोलिले, "अहो, इथं टाळी कोण देणार? हा दिवेवाला?" तेव्हा दिवेवाल्याने अदबीने टाळी दिली, आणि दिग्दर्शक कपाळास हात लावून बसले. परंतु राव हुशार, आवाज लहान केला, हातवारे आवरले, आणि त्या प्रांतीचा एक कायदा त्यांस बहुत मानवला. तो ऐसा की, वाक्य चुकले तर थांबावे, जमिनीवरील खडूच्या खुणेवर परत जावे, आणि सर्व प्रथमपासून करावे. चुकीचा मागमूस कोठे उरत नसे. ऐसे करीत राव नायक जाहले, मग नायकाचे बाप जाहले, आणि मग खटल्याच्या प्रसंगी "शांतता राखा" इतुकेच बोलणारे न्यायाधीश जाहले, आणि मग ती खुर्चीही दुसऱ्यास गेली. मध्यंतरी तात्यासाहेब कैलासवासी जाहले. ते दिवशी रावांचे चित्रण होते, येणे घडले नाही. ते शल्य उरी राहिले. राज्य कुमुदबाईंनी राखिले.

मग एके दिवशी राव बाईंचे दारी आले. बाई टोप विंचरीत होत्या. मान वर न करता बोलिल्या, "या, न्यायाधीश." राव बोलिले, "कुमुदताई, काम द्या. कसलंही द्या. घरी बसवत नाही हो." बाई टोप खाली ठेवून बोलिल्या, "नव्या नाटकात घरधन्याचं काम आहे. आमचा नट तापानं पडलाय आणि शनिवारी दुपारी प्रयोग आहे. एक प्रयोग देते. जमलं तर राहा. नाही जमलं तर पुन्हा येऊ नका, तुम्हाला नाही म्हणताना मला त्रास होतो." हे ऐकून रावांस आनंद आणि भय एकदम जाहले.

शनिवारी नाट्यगृह भरले. नाटकात प्रसंग ऐसा की, रागाने घर सोडून गेलेला धनी वर्षांनी परत येतो, बायको तांदूळ निवडीत बसली आहे, आणि तो उंबऱ्यात उभा राहून लांब भाषणाने क्षमा मागतो. राव आले, दोन वाक्ये उत्तम बोलिले, आणि तिसऱ्यात जीभ वळली. तेव्हा एका तपाची सवय पायांत उतरली. राव हात वर करून साध्या आवाजात बोलिले, "चुकलं. परत घेऊ," आणि वळून दाराबाहेर जाऊन जमिनीवर खडूची खूण शोधू लागले. खूण नव्हती. मग समोर पाहिले तो अंधारात माणसेच माणसे. आतल्या मंडळींनी पडद्याची दोरी हाती धरिली.

परंतु बाई सूप न हलविता बोलिल्या, "कुठं निघालात?" राव दारातच थबकले. बाई बोलिल्या, "एवढ्या वर्षांनी आलात, एक वाक्य अडखळलं तर लगेच माघारी? आणि परत येऊन पहिल्यापासून सुरू करणार? मला नाही तेवढा वेळ, भात टाकायचाय." सभेत हशा पिकला. मग बाई हळू बोलिल्या, "चुकलं ते चुकलं. आत या, पुढचं बोला." राव आत आले, आणि खरेच सांगितले, "पुढचं आठवत नाही." बाई बोलिल्या, "मग बसा. खडे काढा." राव शेजारी बसले, आणि दोघे मुकाट तांदूळ निवडू लागली, आणि सभा ऐसी निःशब्द जाहली की ताटात पडणारा खडा शेवटच्या रांगेस ऐकू गेला. पुढल्या रांगेत एक गृहस्थ चष्मा पुसू लागले.

प्रयोग सरताच नाटककार संतापून आत आले, "माझं दीड पानाचं भाषण कुठं गेलं?" बाई बोलिल्या, "खड्यांबरोबर गेलं." राव रंग पुसून उठले आणि बोलिले, "ताई, ठरलं होतं तसा निघतो. तुम्हाला नाही म्हणायला लावत नाही." बाई बोलिल्या, "उद्या चार वाजता प्रयोग आहे. येताना तांदूळ घेऊन या. आणि पॉलिशचे नकोत, खडेवाले बघा."

मजकूर इतुकाच. राव वृद्धापकाळापर्यंत त्याच राज्यी राहिले. भाषण छापील पुस्तकी आहे, प्रयोगी कोणी बोलिले नाही. नाटककार रुसले, मग मानले. राज्य बाईंचे, राव चाकर, उभयतां सुखरूप.