हौसामावशी आणि पिच्चरचे वाण

आमच्या शेजारच्या हौसामावशी सिनेमा बघताना हिरोकडे बघत नाहीत. हिरोइनकडेही नाही. पडद्यावर नायक नायिकेचा हात हातात घेऊन सात जन्मांच्या गोष्टी करत असतो, आणि मावशी त्याच्या खांद्यामागून चाललेल्या बाईकडे बोट दाखवून म्हणतात, "ती बघा आमची शांता. टोपली रिकामी हाय तिची. पर चालतीया कशी, जणू पाच किलो कांदं भरल्यात."

त्यानंतर तुम्हाला नायक दिसत नाही, शांताच दिसते. मावशींबरोबर सिनेमा बघायचा म्हणजे असं होतं.

भोरमध्ये शूटिंगचं कुणाला अप्रूप राहिलेलं नाही. जुने दगडी घाट, नदी, मागे डोंगर आणि पुणं जवळ, त्यामुळे महिन्या-दोन महिन्यांनी एखादं युनिट येऊन पडतंच. त्यांना गर्दी लागते, आणि गर्दीत मावशी लागतात. यजमान एसटी डेपोत मेकॅनिक होते. ते गेल्यावर घरात एकटं बसून भिंतींशी काय बोलायचं, म्हणून एक दिवस शेजारणीबरोबर गेल्या आणि अकरा वर्षं जातच राहिल्या. आजवर त्या दुष्काळात पाण्याच्या रांगेत उभ्या राहिल्या आहेत, तीन राजांच्या अंत्ययात्रेला गेल्या आहेत, आणि एकदा राक्षसाच्या भीतीने नीरेच्या काठाने अनवाणी पळाल्या आहेत. पडद्यावर एक शब्दही बोललेल्या नाहीत. त्याची भरपाई त्या आमच्या ओट्यावर करतात.

मी इथल्या कॉलेजात मराठी शिकवतो. मध्यंतरी पुण्याला आठ दिवसांचा चित्रपट रसग्रहणाचा वर्ग करून आलो आणि आल्या आल्या 'चित्रपट : प्रकार आणि उपप्रकार' असं व्याख्यान ठेवलं. भिंतीवर तक्ता लावला. झाडाच्या खोडाला फांद्या, फांद्यांना डहाळ्या, प्रत्येक डहाळीवर एक उपप्रकार. मुलं नेहमीच्या शांततेने पेंगत होती. बाजारातून परतणाऱ्या मावशींना दार उघडं दिसलं, म्हणून त्या मेथीच्या जुडीसकट शेवटच्या बाकावर येऊन बसल्या. शेवटी मी "कुणाला काही शंका?" असं विचारलं. हे विचारायचं असतं म्हणून मी विचारतो. मावशी उभ्या राहिल्या.

"सर, तुमी सांगितलं ते बरूबरच आसंल. पर ह्या झाडावर गर्दी कुठं हाय?"

मी म्हणालो, गर्दीचा इथे संबंध नाही.

"आसं कसं? हिरोवरनं पिच्चर वळखाय गेलं तर फसतंय माणूस. हिरो समद्या पिच्चरात सारखाच. गर्दी बघा."

मग त्या वीस मिनिटं बोलल्या, आणि पेंगणारी मुलं ताठ बसली. मावशींचं माहेर वेल्ह्याकडच्या भातखाचरांतलं, त्यामुळे त्यांच्या शास्त्रात प्रकार नसतात, वाण असतात. जसा इंद्रायणी, जसा आंबेमोहर, तसा ऐतिहासिक, तसा सुडाचा. ऐतिहासिक वाणाची खूण म्हणजे गर्दीच्या चपला सकाळीच काढून घेतात. पौराणिकात गर्दी हात जोडून आभाळाकडे बघते. आभाळात काही नसतं, ते नंतर पुण्याला बसून भरतात. सुडाच्या पिच्चरात गर्दी एकदाच लागते, गुंड आला की पळायला आणि दुकानांच्या फळ्या लावायला. प्रेमाच्या पिच्चरात गर्दीला कुणी विचारत नाही, नुसतं पिशवी घेऊन इकडून तिकडे जायचं आणि तिकडून इकडे यायचं. भुताच्या वाणात तर तीनच माणसं पुरतात, पण त्यांना चहा चांगला मिळतो.

उपप्रकारांचाही निकाल त्यांनी तिथेच लावला. भात हळवं असतं आणि गरवं असतं. हळवं लवकर तयार होतं, गरव्याला दिवस लागतात. "पिरमाचं हळवं आसलं तर मध्यंतराच्या आत लगीन, मग पुढं समदी रडारड. गरवं आसलं तर रडारड आदी आन लगीन शेवटाला. पोरांनो, तिकीट काढताना आदी इचारून घ्यायचं, हळवं का गरवं."

टाळ्या पडल्या. माझ्या व्याख्यानाला पडल्या नव्हत्या. आता परीक्षेत मुलं माझ्या तक्त्याऐवजी हळवा आणि गरवा प्रेमपट लिहितात, आणि खरं सांगायचं तर मीही मार्क देतो.

हा वाणांचा छंद सिनेमापुरता राहिला असता तरी एक वेळ चाललं असतं. पण मावशींना गावातलंही सगळं असंच दिसतं. आमच्या आळीतल्या दोन भावांचं मधल्या भिंतीवरून वाजलं, तेव्हा मी "मिटेल हो, घरगुती आहे," असं म्हणालो. मावशींनी मान हलवली. "घरगुती न्हाई. सुडाचं हाय, आन गरवं हाय. धा वर्सं चालनार." सध्या चौथं वर्ष चालू आहे. मावशींच्या माहेरच्या एका दाखल्यासाठी वेल्ह्याला तहसील कचेरीत आम्ही दिवसभर बसलो होतो, तेव्हा समोरची रांग बघून त्या माझ्या कानात म्हणाल्या, "इनोदी हाय. पर गर्दीला ठावं न्हाई."

मावशींची खासियत मात्र रडणं. युनिटवाले त्यांना 'रडक्या मावशी' म्हणूनच ओळखतात. डोळ्यांत घालायच्या औषधाला त्या हात लावत नाहीत. फक्त आधी विचारतात, "कोण मेलंय?" हे कळल्याशिवाय त्यांच्या डोळ्यांतून टिपूस येत नाही. कारण राजा गेला तर पदर डोक्यावरून घेऊन रडायचं, सरपंच गेला तर पदर तोंडात धरून, आणि गुंडाने कुणाला मारलं तर पदर कमरेला खोचून, कारण रडता रडता पळायचं असतं. एकदा एका नव्या दिग्दर्शकाने त्यांना नुसतंच रडायला सांगितलं. मावशी म्हणाल्या, "साहेब, नुसतं रडाया म्या काय येडी हाय?" शेवटी कोण मेलंय ते तिथल्या तिथे ठरवून त्याला नावासकट सांगावं लागलं.

तर असं सगळं मजेत चाललं होतं. मग हैदराबादहून फोन आला.

मावशींचा एकुलता एक मुलगा महेश तिथे नोकरी करतो. त्याची मुलगी तन्वी सहा वर्षांची. ती भोरला आली होती ती पाळण्यातली, पुन्हा आलेली नाही. दर सुट्टीला मावशी बोलावतात आणि दर सुट्टीला काहीतरी निघतं. या वेळी महेश म्हणाला, "आई, तन्वीला भोरची भीती वाटते. तुझे पिच्चर बघितलेत ना तिने. भोर म्हटलं की तिला तू रडताना दिसतेस आणि विहिरीतून हात वर येतो."

मावशी दोन दिवस ओट्यावर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी आल्या त्या बेत करूनच.

"सर, पोरीच्या डोक्यात भोर भुताच्या वाणात जाऊन बसलंय. ते काढून इनोदीत घालायचं. येकदा तिला म्या हसताना दिसले की ती यील."

मी म्हणालो, व्हिडिओ कॉलवर हसा की.

"तितं हसतेच की. पर ते खरं न्हाई वाटत तिला. पिच्चरात दिसतं ते खरं."

अडचण एवढीच होती की अकरा वर्षांत मावशींना विनोदी सिनेमात कुणी घेतलं नव्हतं. गर्दी गोळा करणारा माणूस स्पष्टच म्हणाला, "मावशी, तुमी दिसला की लोकांना वाटतं कोनतरी गेलं." मावशींनी मनावर घेतलं आणि हसण्याचा सराव सुरू केला. रोज सकाळी भिंतीपलीकडून हा हा हा असा आवाज यायचा, मग थोडं थांबून ही ही ही. तिसऱ्या दिवशी आमच्या सौभाग्यवती साखरेची वाटी घेऊन बघून आल्या. मावशी आरशासमोर उभ्या होत्या म्हणे, आणि घाम पुसत होत्या.

शेवटी पावसाळ्यानंतर एक विनोदी सिनेमा आला. वेल्ह्याजवळ, तोरण्याच्या पायथ्याला, लग्नाच्या वरातीचा प्रसंग होता आणि गर्दी भरपूर हवी होती. वऱ्हाडात शिकलेली दिसणारी चार माणसं पाहिजेत असं कळल्यावर मावशींनी माझं नाव देऊन टाकलं. कॉलेजला सुट्टी होती आणि मलाही हौस होतीच, उगाच कशाला लपवायचं. आम्ही सकाळच्या एसटीने निघालो. नसरापूर जाईपर्यंत मावशी खिडकीकडे तोंड करून हसत होत्या. कंडक्टरने मला हळूच विचारलं, "दवाखान्यात नेताय का?"

प्रसंग सोपा होता. नवरदेव घोड्यावरून घसरून शेणात पडतो आणि वऱ्हाड हसतं. पुण्याची एक चुणचुणीत मुलगी सगळ्यांना जागा नेमून देत होती. मावशींना तिने अगदी पुढे उभं केलं.

"मावशी, तो पडला की हसायचं."

"त्यो आपल्याकडचा का त्यांच्याकडचा?"

"म्हणजे?"

"आपला नवरदेव पडला तर पदराआड हसायचं. त्यांचा पडला तर त्वांड उघडून."

मुलीने वॉकीटॉकीवर विचारलं. पलीकडून उत्तर आलं, त्या बाईंना म्हणावं नुसतं हसा.

नुसतं हसणं मावशींना जमेना. नवरदेव पडला, मावशी हा हा हा म्हणाल्या, आणि डोळे पाण्याने भरले. पुन्हा घेतलं, पुन्हा पाणी. नवरदेव पाच वेळा शेणात पडला आणि घोडा कंटाळला. ती मुलगी जवळ येऊन म्हणाली, "मावशी, तुम्ही जरा मागच्या रांगेत जाता का?" ती चांगलं बोलली, पण मावशींचा चेहरा उतरला. त्या माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "मागं गेले तर पोरीला दिसायची न्हाई ओ."

मला फार वाईट वाटलं. मी त्या मुलीला म्हणालो, एकदाच आणखी घ्या, मग हवं तर मागे पाठवा. मी कॉलेजात शिकवतो हे कारण नसताना सांगितलं. ती बरं म्हणाली.

सहाव्यांदा नवरदेव पडला. मी बघायला वाकलो आणि माझा फेटा, जो मुळात माझ्या डोक्यापेक्षा दोन मापं मोठा होता, तो नाकापर्यंत खाली आला. पुढचं दिसेना म्हणून मागे पाऊल टाकलं ते बँडवाल्याच्या ढोलावर, आणि मी ढोलासकट बसलो. आवाजही मोठा झाला. मी फेटा वर करून पाहिलं तर मावशी पदर तोंडाला न लावता, पोट धरून, डोकं मागे टाकून हसत होत्या. मी त्यांना अकरा वर्षांत तसं हसताना पाहिलं नव्हतं. दिग्दर्शक ओके म्हणाला. मी कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर होतो, तेवढी अब्रू वाचली. ढोलवाल्याने मात्र मला बरंच सुनावलं.

सिनेमा उन्हाळ्याच्या तोंडावर मोबाईलवर आला. मावशी पडद्यावर तीन आकडे मोजेपर्यंत दिसतात, पण पुढे दिसतात आणि हसतात. मी तेवढाच तुकडा काढून महेशला पाठवून दिला. दुपारी मावशींच्या मोबाईलवर त्याचा व्हॉइस मेसेज आला, तो त्यांनी मला ओट्यावर मोठ्याने ऐकवला. "आई, तन्वी खूप हसली. तीनदा लावायला लावलं. पण या सुट्टीत नाही जमणार गं. तिला पोहण्याचा क्लास लावलाय, तो बुडवता येत नाही."

माझं डोकं फिरलं. मी बोलू नये ते बोलून गेलो. "मावशी, पोरीला भीती कधी नव्हतीच. ही सगळी नुसती कारणं आहेत."

मावशी सुपात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी एक खडा काढून बाजूला टाकला.

"मला काय कळत न्हाई व्हय, सर? पोटचं पोरगं हाय, आवाजावरनं कळतं. पर त्यानं पिच्चरचं कारन सांगितलं, तवा बरं वाटलं. म्हनलं, ह्याच्यावर आपल्याकडं औशीद हाय. रजेचं सांगितलं आसतं, कामाचं सांगितलं आसतं, तर म्या काय करनार व्हते?" त्यांनी सूप खाली ठेवलं. "आन कारन देतोय तवर बरं हाय. ज्याला यायचंच न्हाई, त्यो कारनबी देत न्हाई."

मग त्यांनी विचारलं, "भाटघरकडं पवाया कोन शिकिवतं, तेवढं बघता का? क्लास हितं लागला तर तितला बुडला तरी चालंल."

रविवारी मी भाटघरला गेलो. धरणाच्या अलीकडे एका शेतकऱ्याच्या विहिरीवर दर उन्हाळ्यात मुलं पोहायला शिकतात, असं कळलं होतं. भला माणूस होता. पाठीला बांधायचे सुकलेले भोपळे त्याने गोठ्यात ओळीने टांगले होते.

"पोरगी केवढी हाय?"

"सहा वर्षांची."

"वजन किती आसंल? भोपळा मापाचा लागतोय, न्हाईतर पोर कलंडतंय."

मला तन्वीचं वजन कुठून माहीत असणार? मी अंदाजाने अठरा किलो सांगितलं. त्याने दोन-तीन भोपळे हातात घेऊन वाजवून पाहिले, त्यातला एक निवडला, त्याची दोरी ओढून बघितली आणि तो वेगळ्या खुंटीला अडकवला.

"ह्यो तिचा. दुसऱ्याला देत न्हाई आता. कवा येनार?"

"सुट्टीत," मी म्हणालो.